दिवाळी अंकाला स्वस्तात चित्रं काढून देऊन खरंच क्लायंट मिळतात का?

रेघोट्या:
सीझन आला परत. ऑगस्ट लागला की फोन येतोच, "आठ-दहा कथाचित्रं हवीयेत, बजेट तसं काही नाहीये पण तुमचं नाव चार लोकांपुढे जाईल." माझं स्पष्ट मत आहे की फ्रीलान्स इलस्ट्रेटरने हे घेणं बंद करावं. अंक वाचणारा हा आपला क्लायंट नसतोच मुळात, तो कथा वाचतो, लेखकाचं नाव बघतो, चित्राच्या कोपऱ्यातली सही कोण बघतंय? आणि नेमकं त्याच दोन महिन्यांत मिठाईवाले, फराळवाले, सराफ सगळे बॉक्स आणि जाहिराती करून घ्यायला डिझायनर शोधत असतात, म्हणजे कमाईचे दिवस आपण नावासाठी घालवायचे आणि दिवाळी झाल्यावर इन्स्टावर 'ओपन फॉर कमिशन्स', म्हणजे कामं द्या हो, असं टाकून बसायचं. त्यापेक्षा मागच्या वर्षीच्या क्लायंटना जूनमध्येच एकेक फोन करा, दिवाळीचं काय ठरलंय विचारा. नवीन माणूस त्यांच्याच ओळखीतनं येतो.

मुखपृष्ठवाली:
अजिबात पटलं नाही. सामान्य वाचक सही बघत नसेल, पण लेखक बघतो ना! ज्याच्या कथेला तुम्ही चांगलं चित्र काढलं तो पुढे संग्रह काढताना प्रकाशकाला सांगतो की कव्हर यांच्याकडूनच करून घ्या. माझी बरीचशी मुखपृष्ठं अशीच आलीत. प्रकाशकाला नुसता पोर्टफोलिओ मेल करून बघा, उत्तरसुद्धा येत नाही. आणि दीनानाथ दलालांसारखा चित्रकार मराठी घराघरात पोचला तो दिवाळी अंकांतूनच, हे विसरू नका.

ठाण्याचा_पिक्सेल:
दलालांचं उदाहरण तुमच्याच विरोधात जातंय ताई. त्यांनी 1945 ला 'दीपावली' हा अंक स्वतःच काढला, कुणी मानधन देईल म्हणून वाट बघत नाही बसले. शिवाय स्वतःचा स्टुडिओ होता.
मी तर मराठी मार्केटच सोडलंय, अपवर्क या फ्रीलान्स कामांच्या साइटवर परदेशातली कामं घेतो. एका पुस्तकाचे जे मिळतात ना, तेवढ्यात इथले तीन अंक होतील.

रेघोट्या:
@ठाण्याचा_पिक्सेल हो पण तिथली रड कुणी सांगत नाही. कामासाठी प्रपोजल टाकायलाच कनेक्ट्स म्हणजे तिथली टोकनं विकत घ्यायची, वर कमिशन, फायव्हर ही तसलीच दुसरी साइट तर सरळ 20 टक्के कापतं. आणि तिथल्या क्लायंटला तुमचं नाव पण लक्षात राहत नाही, पुढच्या वेळी परत लाइनीत उभे राहा.

ठाण्याचा_पिक्सेल:
कापू दे ना, पैसे आधी एस्क्रोमध्ये, म्हणजे साइटकडे अनामत, येऊन पडतात. तुमचे संपादक दिवाळीचं मानधन होळीला देतात त्याचं काय ते बोला आधी 😀

अंकवाला:
मी छोटा अंक काढतो म्हणून बोलतोय, शिव्या खायची तयारी आहे. जाहिराती कमी झाल्यात, कागद महाग झालाय, आम्ही लेखकालाही फार देत नाही. चित्रकाराला लुबाडायचं असं कुणाच्या मनात नसतं हो. पैसे वाढवता येत नसतील तर दुसरं मागा. अनुक्रमणिकेत नाव, चित्राजवळ मोबाइल नंबर, एखादी अर्ध्या पानाची जाहिरात. मी देईन. पण कुणी मागतच नाही, सगळे एकतर गप्प हो म्हणतात नाहीतर गप्प गायब होतात.

मुखपृष्ठवाली:
अर्ध्या पानाच्या जाहिरातीचं मला आजवर कुणीच सुचवलं नव्हतं. यंदा मागणार.

कलम_आणि_कुंचला:
यात एक गोष्ट सगळेच विसरतात. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 प्रमाणे पैसे घेऊन, दुसऱ्याच्या सांगण्यावरून पेंटिंग केलं तर वेगळा करार नसेल तेव्हा पहिला मालक काम देणारा असतो. म्हणजे हजार रुपयात दिलेलं चित्र उद्या त्यांनी कॅलेंडरवर छापलं तर तुम्ही भांडणार कशाच्या जोरावर? काम घेतानाच मेलमध्ये लिहा की हक्क माझ्याकडे, तुम्हाला फक्त या वर्षीच्या अंकात एकदा छापायची परवानगी, आणि त्यांचं 'हो' लेखी येऊ द्या. मग तेच चित्र तुम्ही प्रिंट म्हणून विकू शकता, म्हणजे कमी पैशाचं काम निदान दुसरीकडून तरी भरून निघतं.

सांगलीचा_छापखाना:
तुमचं सगळं पुण्या-मुंबईचं चाललंय. माझं ऑफसेट प्रेस आहे. रोज गिऱ्हाईक येतं ते व्हॉट्सअॅपवरचा फुटलेला लोगो घेऊन आणि म्हणतं दोन हजार बॉक्स छापा. मला असा माणूस हवा असतो जो सीएमवायकेत म्हणजे छपाईच्या चार रंगांत फाइल देईल, चारी बाजूंनी तीन मिलीमीटर ब्लीड म्हणजे कापण्यापुरतं जास्तीचं चित्र सोडेल, मराठी फॉन्ट कर्व्हज करून म्हणजे अक्षरांचे आकार बनवून पाठवेल. एवढं नीट करणारा भेटला की मी प्रत्येक गिऱ्हाइकाला त्याचाच नंबर देतो. पण इलस्ट्रेटर लोक प्रेसची पायरीच चढत नाहीत, सगळे बेहान्सवर, त्या पोर्टफोलिओच्या साइटवर.

ठाण्याचा_पिक्सेल:
दादा प्रेसवाले 500 रुपयात लेबल करून मागतात हे पण सांगा की.

सांगलीचा_छापखाना:
मागतात, खोटं कशाला बोलू. ते गिऱ्हाईक वेगळं. पण तासगावचा बेदाणावाला, हळद पावडरवाला, ज्याला माल बाहेर पाठवायचाय तो पैसे देतो, कारण दुकानाच्या फळीवर त्याचा बॉक्स दुसऱ्याच्या शेजारी उभा राहणार असतो. आणि त्याचं एक डिझाइन जमलं की पाव किलो, अर्धा किलो, गिफ्ट पॅक अशी कामं मागनं येतच राहतात.

रेघोट्या:
@अंकवाला जाहिरात आणि नंबर देताय ते चांगलंय, पण मानधनाची तारीखही लिहून द्या, मग बोलू. फुकटाच्या बाबतीत माझं मत तेच आहे. @सांगलीचा_छापखाना बॉक्सवर चित्र चालतं का, का सगळ्यांना द्राक्षाच्या घडाचा फोटोच हवा असतो?

सांगलीचा_छापखाना:
फोटोच मागतात, कारण दुसरं कुणी दाखवलेलंच नाही. दोन-तीन नमुने घरच्या प्रिंटरवर काढून, बॉक्सच्या आकाराला कापून, चिकटवून आणा. पीडीएफ नका पाठवू, ती कुणी उघडत नाही. आणि सकाळी या, दुपारनंतर मशीनचा आवाज असतो.