सातवीच्या मुलांना रोबोटचे भाग पाठ झाले पण कळले नाहीत, काय करू?

भांडुपची_टीचर
मराठी माध्यमाच्या शाळेत सायन्स शिकवते, सातवीत ४२ मुलं, ३५ मिनिटांचा तास आणि किट एकच, भिंत जवळ आली की वळणाऱ्या रोबोट गाडीचं. सेन्सर, कंट्रोलर, मोटर, बॅटरी, बॉडी सगळं फळ्यावर काढून दिलं, मुलांनी घडाघडा पाठ केलं, पण काल एकाला विचारलं की सेन्सर काढला तर गाडीचं काय होईल, तर म्हणाला "बंद पडेल". म्हणजे काहीच पोचलं नाही ना. कुठून सुरुवात करू?

परळकर७४
मॅडम, सोसायटीच्या पाण्याच्या टाकीपासून करा, ती मुलांनी रोज बघितलेली असते. वरच्या टाकीतला फ्लोट म्हणजे सेन्सर, पंप चालू-बंद करायचं ठरवणारा पॅनल म्हणजे कंट्रोलर आणि खालचा पंप म्हणजे हातपाय, गाडीतली मोटर. फ्लोट खालीच अडकला की पंप बंद पडत नाही, चालूच राहतो आणि गच्चीवरून पाणी वाहायला लागतं, हे मुलंच सांगतील बघा. मग गाडीचा अल्ट्रासॉनिक सेन्सर, म्हणजे आवाजाच्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारा, त्याच्या एको पिनची (प्रतिध्वनीची खबर कंट्रोलरला देणारी) वायर चालू गाडीत उपटून दाखवा. फळ्यावरच्या चित्रापेक्षा हे फार मोलाचं.

लॅमिंग्टन_रोडवाला
वरच्यांचं पटलं, फक्त बॅटरीकडे दुर्लक्ष करू नका. चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी लावली की एलईडी मस्त पेटतात आणि मोटर फिरवायला गेलं की सगळं मान टाकतं, कारण ती व्होल्टेज देते पण दोन मोटरींना लागेल तेवढा करंट देऊ शकत नाही, मग मुलांना वाटतं कोडच चुकला. पेन्सिल सेल ४ घ्या, ६ व्होल्ट होतात. आणि मोटर थेट आर्डुइनोच्या (म्हणजे कंट्रोलर बोर्डाच्या) पिनला कधीच जोडू देऊ नका, पिनची झेप २० मिलिअँपच्या आसपास, मोटर अडली की त्याच्या कितीतरी पट ओढते. मध्ये मोटर ड्रायव्हर हवाच. मी मुलांना सांगतो, कंट्रोलर हुकूम सोडतो, ओझं ड्रायव्हर उचलतो.

भांडुपची_टीचर
आज केलं! टाकीचं एका मिनिटात पकडलं, दोघींनी तर वॉचमन काकांचं नाव घेऊन किस्सा सांगितला. मग वायर उपटली, गाडी थांबली नाही, जागच्या जागी वळतच राहिली. वर्ग एकदम गप्प. सिरीयल मॉनिटरवर, म्हणजे कंट्रोलरचे आकडे कॉम्प्युटरवर दिसतात त्या खिडकीत, अंतर सारखं ० येत होतं ते दाखवलं, तर कालचाच मुलगा उठून म्हणाला, "मॅडम, तिला वाटतंय भिंत नाकाला चिकटलीय". उद्या पेन्सिल सेल घेऊन जातेय.