मदत हवी आहे: सी कयाकिंगसाठी (समुद्रात छोटी वल्ह्याची होडी चालवायला) हातातला व्हीएचएफ (बोटींवरचा वायरलेस रेडिओ) कोणता घ्यावा?

मंडळी, लाइफ जॅकेटला अडकवता येईल असा मरीन व्हीएचएफ घ्यायचाय. आयपीएक्स7 हा वॉटरप्रूफ दर्जा म्हणजे 1 मीटर पाण्यात 30 मिनिटं, पण ती चाचणी गोड्या, स्थिर पाण्यातली. कयाकवर खाऱ्या लाटा सतत आदळतात. मीठ चार्जिंगच्या पिनांवर आणि माइकच्या जाळीत बसतं, मला त्याचीच जास्त धास्ती आहे. मग वॉटरप्रूफ पाउचही घ्यावा का? त्यात आवाज किती दबतो? ओल्या, गारठलेल्या बोटांनी चॅनल 16 (संकटात हाक द्यायचा) पटकन लागतो का?

सेट तरंगणारा आणि डीएससीवाला (बटण दाबून डिजिटल संकट-संदेश पाठवणारा) हवाच, तिथे तडजोड नाही. वॅट 5 की 6, याने फारसा फरक पडेलसं वाटत नाही. कारण बसल्यावर अँटेना पाण्यापासून जेमतेम हातभर वर असतो, त्यामुळे रेंज तशीही कमीच. रबरी सील कसं जपता, तेही सांगा.