‘डायस्पोरा’: परदेशस्थ, अनिवासी की परागंदा?

बडोदेकर: आमच्या चित्रपटमंडळासाठी मीरा नायर यांच्या ‘मिसिसिपी मसाला’वर (१९९१) टिपण लिहिताना ‘डायस्पोरा’ (मायभूमीपासून दूर विखुरलेला समाज) या शब्दाच्या मराठी प्रतिशब्दापाशी अडलो आहे. युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन याने १९७२ मध्ये आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडायला लावले. त्यांतल्या एका कुटुंबातील मीना पुढे अमेरिकेत डेमेट्रियस या कृष्णवर्णीय तरुणाच्या प्रेमात पडते. मी ‘परदेशस्थ भारतीयांची प्रेमकथा’ असे लिहिले, तर आजीने विचारले, “परदेशस्थ म्हणजे देशस्थांतलेच का रे? मग मुलगी कोकणस्थाकडे चालली असेल.”

इंदूरकर: ‘अनिवासी भारतीय’ रूढ असताना नवा शब्द कशाला घडवायचा?

बडोदेकर: तो प्राप्तिकराच्या कागदांत शोभतो. मीनाच्या वडिलांना तर हरवलेले घर म्हणून कंपालाच आठवते आणि तिथल्या मालमत्तेसाठी ते वर्षानुवर्षे भांडतात; मग त्यांचा परदेश नेमका कोणता?

ग्वाल्हेरकर: ‘परागंदा’ घ्या. फारसीत त्याचा अर्थ ‘विखुरलेला’ असा आहे आणि ‘डायस्पोरा’च्या ग्रीक मुळातही बी विखुरण्याचीच कल्पना आहे. शिवाय शेवटी मीना आणि डेमेट्रियस घरच्यांना न जुमानता निघून जातात, म्हणजे हा शब्द प्रेमिकांनाही लागू पडतो.

इंदूरकर: मी तो ‘पराग’वरून आला असे समजत होतो. पण ‘परागंदा’ म्हटले की सावकाराला चुकवून रातोरात पळालेला माणूस डोळ्यांसमोर येतो. ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’मधील (१९९५) सिमरनचे वडील लंडनमध्ये कबुतरांना दाणे टाकत पंजाबसाठी झुरतात आणि मुलीचे लग्नही तिकडेच ठरवतात. ते पोटापाण्यासाठी गेले होते, त्यांना कोणी हाकलले नव्हते. त्यांना परागंदा म्हणणार का? आणि तिथला नायक तर वडिलांच्या संमतीखेरीज मुलीला न्यायलाच तयार नाही!

ग्वाल्हेरकर: नाही, तिथे ‘स्थलांतरित’ म्हणावे. एकाच शब्दाने दोन्ही घरांचे दुःख सांगण्याचा अट्टहास कशाला? आमच्या घराण्याला ग्वाल्हेरीत येऊन पिढ्या लोटल्या, तरी हिंदी शेजारी आम्हाला ‘दक्षिणी’च म्हणत आणि पुण्याची सोयरीक आली की तिकडचे आमच्या मराठीतले हिंदी वेचून काढत.

बडोदेकर: आपल्यासाठी शब्द नंतर शोधू, टिपण उद्या द्यायचे आहे. ‘परागंदा’ मला पटू लागला आहे, पण फारसी शब्दावर मंडळातले शुद्धिवादी तुटून पडतील.

इंदूरकर: फारसीचे राहू द्या, आधी तो नीट लिहा. आमच्याकडे सगळे ‘परांगदा’ म्हणतात.

ग्वाल्हेरकर: सगळे म्हणत असतील, तरी अनुस्वार ‘ग’वरच हवा.