कात्रजच्या जुन्या घाटात गुडघा दुखतो, सीट की गिअर?

घाटवेडा: नवीन रोड बाईक, पुढे 50 आणि 34 दात्यांच्या दोन चकत्या, मागे 11 ते 28 दात्यांच्या. सपाटीला त्रास नाही, पण कात्रजच्या जुन्या घाटात निम्म्यावर दम लागतो आणि गुडघ्याची वाटी पुढून दुखते. रोज जोर लावून चढवली तर स्टॅमिना वाढेल ना?

स्पोकवाला: वाटीपुढे दुखतंय म्हणजे बहुतेक सीट खाली आहे. भिंतीला धरून सीटवर बसा, पेडल तळाला, त्यावर टाच. पाय सरळ व्हायला हवा. वाकत असेल तर 5-5 मिमी वर घ्या. पेडल मारताना कंबर डावी-उजवीकडे डुलायला लागली की जास्त झालं. बदलण्याआधी सीटपोस्टवर (सीटच्या दांडीवर) टेपची खूण करा, नाहीतर मूळ उंची सापडत नाही.

सावकाश_पण_रोज: सीटबरोबर गिअरही बघा. पेडलचे फेरे मिनिटाला 60 च्या खाली गेले की सगळा भार गुडघ्यावर. पुढची 34 ची चकती चढ लागायच्या आधीच घ्या. जोर असताना बदललीत तर चेन पडते. तरी जड वाटलं तर मागे 32 दात्यांपर्यंतची कॅसेट (चकत्यांचा संच), पण डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) ती पेलतो का हे मेकॅनिकला विचारून. चेनही लांब लागू शकते.

आणि रोज जोर? अजिबात नको. आठवड्यात घाट एकदा, बाकी दोन-तीन राइड गप्पा मारता येतील इतक्याच वेगात. दीड तासावर जाणार असाल तर खिशात केळं किंवा राजगिरा चिक्की.

घाटवेडा: टायर 28 मिमीचे आहेत, हवा 110 psi भरतो. चालेल?

स्पोकवाला: 70 किलो वजनाला 75-80 पुरे. 110 ला टायर खडीवर नुसता उड्या मारतो.