नांदूरमध्यमेश्वरला सध्या काय दिसतंय? आई आणि लेक बरोबर आहेत

सायली_पुणे:
पुढच्या आठवड्यात लग्नासाठी नाशिकला येतोय. दुसऱ्या दिवशीची सकाळ मोकळी आहे, म्हणून नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्याचा विचार. आईचे गुडघे दुखतात. नऊ वर्षांच्या लेकीने 'फ्लेमिंगो दाखव'चा घोषा लावलाय. इतक्यात कोणी जाऊन आलंय का? दुर्बीण विकत घेऊ का?

कवड्या:
रविवारीच जाऊन आलो. थापट्या, तलवार बदक, चक्रवाक अशी बदकं भरपूर. वारकरी (पांढऱ्या कपाळाचे काळे पाणपक्षी) तर विचारूच नका, अख्खी दिंडी उतरलीय. काठाने चमचे (चमच्यासारख्या चोचीचे), मोर शराटी, चित्रबलाक असे लांब पायांचे पक्षी. सकाळी हरभऱ्याच्या शेतात क्रौंच चरत होते. दिसायच्या आधी त्यांचा आवाजच येतो, तुतारीसारखा.
फ्लेमिंगो एकही नाही.

भिगवणप्रेमी:
पुण्यात राहून फ्लेमिंगोसाठी नाशिक कशाला? फेब्रुवारी-मार्चमध्ये उजनीच्या काठी कुंभारगावला जा. नावेतून आरामात दिसतात, आईंना चालायलाही नको.

थडीवरचा:
फ्लेमिंगो इथेही येतात हो, पण पाण्याच्या मर्जीने. मी निफाड तालुक्यातलाच, म्हणून सांगतो: पक्ष्यांच्या याद्या वाचण्यापेक्षा आवर्तनाची, म्हणजे धरणातून पाणी कधी सोडतात याची, चौकशी करा. गोदावरी आणि कादवेच्या संगमावर इंग्रजांच्या काळातला बंधारा आहे. शंभरेक वर्षांचा गाळ साठून पाणी उथळ झालंय, आणि पक्षी येतात ते त्या उथळ पाण्यासाठीच. वरच्या धरणांतून पाणी सुटलं की चिखलाचे पट्टे बुडतात. मग शेकाटे, तुतवार असे चिखलात चरणारे पक्षी उठून दुसरीकडे जातात आणि मधोमध नुसती बदकं उरतात. पाणी ओसरलं की चिखल उघडा पडतो, तेव्हा या. रविवारी कवड्यांना जे दिसलं, ते बुधवारी असेलच असं नाही.
चापडगावला वनखात्याच्या गेटवर स्थानिक गाईड मिळतात, दुर्बिणी भाड्याने असतात. विकत घेऊ नका. गाईड मात्र घ्याच. रात्री पाणी चढलं की उतरलं, हे त्यांना पहाटेच ठाऊक असतं.

सायली_पुणे:
धन्यवाद थडीवरचे! पण फ्लेमिंगो नसतील तर लेकीला काय दाखवू? बदकं बघून दहा मिनिटांत कंटाळेल.

पाणथळ:
तिला जांभळी पाणकोंबडी दाखवा. काठच्या पाणकणसात कोंबडीएवढा निळा-जांभळा पक्षी, कपाळ लालभडक. देठ उपटून पोपटासारखा पायाच्या बोटांत धरते आणि सोलून आतला गर खाते. माझी भाची तिथून हलेना.
थापट्यांकडेही नीट बघा. चपटी, रुंद चोच पाण्यात खुपसून एकामागोमाग एक गोल गोल फिरतात. त्या भोवऱ्याने खालचं खाद्य वर येतं आणि चोचीच्या कडेच्या बारीक कंगव्यातून ते गाळून घेतात.
नशीब असेल तर कैकर. घारीसारखा शिकारी पक्षी, मासे मारणारा. मासा पकडला की त्याचं तोंड पुढे करून, एक पाय पुढे आणि एक मागे असा धरून नेतो. वाळलेल्या झाडांचे शेंडे तपासत राहा.
पक्षी बघायच्या मनोऱ्याला जिने आहेत. आईंना बांधावरच खुर्ची टाकून द्या. पक्षी वरूनच जवळ दिसतात असं काही नाही.

रानवाट_नाशिक:
पाणथळ +१. एक विनंती: थवा उडतानाचा फोटो हवा म्हणून टाळ्या वाजवणारे, खडे मारणारे महाभाग सुट्टीच्या दिवशी हमखास भेटतात. असा ग्रुप दिसला तर गाईडला सांगा. १९८६ पासून हे अभयारण्य आहे, २०२० साली राज्यातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झालं, आणि वागणं जत्रेतलं! दूर हिमालय ओलांडून आलेल्या पट्टकदंबांना चार महिने तरी सुखाने खाऊ द्या.

कवड्या:
पाणमांजरं कोणाला दिसली का यंदा?

थडीवरचा:
दिसतात अधूनमधून, पण जागा इथे लिहिणार नाही.
सायलीताई, उजाडायच्या सुमारास पोचा. निफाडची थंडी पुण्यासारखी नाही, आईंना कानटोपी आणि शाल हवीच. संध्याकाळी थांबणार असाल तर अंधाराआधी गाडीत बसा. दोन्ही अंगांनी ऊस आहे आणि उसात बिबट्या असतो. लेकीला एकटीला पुढे पळू देऊ नका.

सायली_पुणे:
ठरलं, सकाळीच येतो. लेकीला पाणकोंबडीचं सांगितलंय. तिचा प्रश्न: तिला फ्लेमिंगोपेक्षा जास्त रंग आहेत का?