नुसती ऊर्जा वाढवून भागत नाही
तोफेच्या दारूबद्दल, म्हणजे जळून गोळा पुढे ढकलणाऱ्या पदार्थाबद्दल, "दारूत ऊर्जा जास्त कोंबली की गोळ्याचा वेग आपोआप वाढतो" असं म्हटलं जातं, ते अर्धंच खरं. त्या ऊर्जेची किंमत तोफेची नळी मोजते. ब्रिटिशांच्या पहिल्या कॉर्डाइटमध्ये (तोफांची बिनधुराची दारू) ५८ टक्के नायट्रोग्लिसरीन हे जोरदार स्फोटक होतं. ताकद भरपूर, पण वायू इतके तापायचे की नळीच्या आतले आटे (गोळ्याला फिरकी देणाऱ्या खाचा) भराभर झिजायचे. आटे गेले की नेम गेला! शेवटी १९०१ च्या सुमारास त्यांनी ते प्रमाण ३० टक्क्यांवर आणलं. तोच वेग राखायला दारू जास्त भरावी लागली, पण नळ्या टिकू लागल्या.

दुसरं म्हणजे दारूच्या दाण्याचा आकार. साधा भरीव दाणा जळताना लहान होतो, म्हणजे जळणारा पृष्ठभाग घटतो; गोळा पुढे सरकून जागा वाढत असते नेमकी तेव्हाच वायू कमी पडतो. आरपार भोकं असलेल्या दाण्यात भोकं आतून रुंदावत जातात आणि पृष्ठभाग उलट वाढतो. सुरुवातीचा दाबाचा तडाखा सौम्य, ढकलणं मात्र लांबवर चालू. अमेरिकेच्या रॉडमन या लष्करी अधिकाऱ्याने हे तिथल्या यादवी युद्धाच्या काळातच जुन्या काळ्या दारूवर करून दाखवलं होतं, रसायन न बदलता.