सासूबाईंची अर्धी राहिलेली वाकळ पुरी करावी का?

शिवाजीपेठेची_सून

नमस्कार. माझ्या सासूबाई, आम्ही सगळे त्यांना आत्ती म्हणायचो, गेल्या श्रावणात वारल्या. नंतर माळ्यावरच्या बोचक्यात त्यांची एक वाकळ निघाली, निम्मी शिवलेली. कडेनं आत येत येत टाके घातलेत, मधला भाग नुसता टाचलाय. सुई शेवटच्या टाक्यात तशीच खोचलेली आहे. ही वाकळ पुरी करावी का आठवण म्हणून आहे तशी ठेवावी, यावर आमच्यात दोन मतं आहेत. थोरल्या जाऊबाई म्हणतात, त्यांच्या हातावर दुसऱ्याचा हात चढवू नये. मला पुरी करावीशी वाटते. जाणत्यांनी सांगावं.

वाकळ कशाची आहे तेही सांगते. वरचा थर आत्तींच्या इचलकरंजीच्या लुगड्यांचा, एक हिरवं, एक जांभळं. काठ उसवून चारी कडांना लावलेत. आत मामंजींची जुनी धोतरं. आणि ऐन मधोमध खाकी कापडाचे चौकोन आहेत. मामंजी शाहू मिलमध्ये होते, १९०६ साली शाहू महाराजांनी काढलेली तीच मिल, आणि हा खाकी त्यांच्या कामाच्या कपड्यांचा. एका चौकोनावर खिशाची जागा अजून दिसते. खिसा उसवल्यावर खालचं कापड गडद राहिलंय आणि भोवतीनं शिलाईची बारीक भोकं आहेत. त्यावरून बोट फिरवलं की कळतात.

माझी लेक अटलांटाला नोकरी करते. तिथल्या हाय म्युझियममध्ये तिनं अलाबामातल्या जीज बेंड गावच्या काळ्या बायकांच्या गोधड्या बघितल्या आणि घरी पोचल्या पोचल्या फोन केला, "आई, कामाच्या कपड्यांच्या गोधड्या आहेत, आजीच्या वाकळेसारखं खिशाचं वळ दिसतंय." तेव्हापासून मी मिळेल ते वाचत बसले.

नदीच्या वळणावरचं गाव, तीन बाजूंनी पाणी. १८४५ च्या सुमारास मार्क पेटवे नावाच्या मळेवाल्यानं ती जमीन घेतली आणि आपले गुलाम तिथं नेले. आजही गावातल्या कितीतरी घरांचं आडनाव पेटवेच आहे. गुलामी गेली तरी कापूस दुसऱ्याच्याच जमिनीत पिकवायचा. १९३२ मध्ये उधारी देणारा व्यापारी वारला, तर त्याच्या बायकोनं वसुलीला माणसं पाठवून जनावरं, अवजारं, साठवलेलं धान्य सगळं उचलून नेलं. अशा घरात गोधडी म्हणजे थंडीतून पोरं वाचवायची सोय होती. फाटके कपडे, पिठाची पोती, जे हाताला लागेल ते जोडायचं.

१९४२ मध्ये तिथल्या मिसूरी पेटवे यांचे यजमान वारले. त्यांच्या कामाच्या कपड्यांची त्यांनी गोधडी शिवली. पुढं त्यांच्या लेकीनं, आर्लोन्झिया पेटवे यांनी, सांगितलं की आईला त्यांची आठवण ठेवायची होती आणि त्यांच्या मायेखाली झोपायचं होतं. लेक तेव्हा सतरा-अठरा वर्षांची, आईच्या हाताखाली तीही होती. हे वाचल्यावर मला आत्तींचे खाकी चौकोन मधोमध का आहेत ते कळलं असं वाटतं. त्या कधी बोलल्या नाहीत.

आत्तींनीच मला शिकवलंय. टाका तांदळाएवढा पाहिजे म्हणायच्या, आणि माझा मोठा पडला की काही न बोलता उसवायच्या. त्यांना त्यांच्या सासूबाईंनी शिकवलं होतं. माझा टाका अजून त्यांच्याइतका बारीक येत नाही. हात वेगळा दिसणारच. मग पुरी करावी का?

गडहिंग्लजची_दाभणवाली

ताई, पुरी करा. मी वाकळा शिवून देते, आईकडनं शिकले, आई तिच्या आत्याकडनं. अर्धी वाकळ टिकत नाही, हे आधी सांगते. नुसता टाचलेला भाग घडीवर फाटतो, आतली धोतरं सरकून एका अंगाला गोळा होतात. माळ्यावर कसर लागली तर जुनेर कापड आधी जातं. ठेवायची म्हणून ठेवाल आणि चार पावसाळ्यांनी काढाल तेव्हा चिंध्या हाताला येतील.

आता कशी करायची. आत्तींचा एकही टाका उसवू नका. आणि धुऊ नका! नवरात्राच्या आधी आपण घरातल्या सगळ्या वाकळा पंचगंगेवर नेतो, तशी ही नेऊ नका. अर्धी शिवलेली भिजली की थर कमीजास्त आटतात आणि मग काही केल्या सपाट बसत नाही. वर पातळ धोतर टाकून उन्हं दाखवा, बास.

मग चटईवर पसरा, चारी कोपऱ्यांना वजन ठेवा. फक्त मधलं जुनं टाचण काढा. कडा शिवलेल्या आहेत म्हणजे सगळा ढिलेपणा मध्ये आलेला असणार, तिथं फुगा येईल. तो एका जागी दाबायला गेलात तर तिथं चुणी पडून कायमची राहते. वीतवीतभर अंतरावर आडवं उभं टाचत जायचं आणि ढील थोडी थोडी वाटून द्यायची. त्यांची सुई जिथं आहे तिथनंच सुरू करा, त्यांच्याच दिशेनं फिरत आत या.

टाका जुळवायच्या मागं लागू नका. उलट मी म्हणते दोऱ्याचा रंगच बदला. त्यांचा पांढरा असेल तर तुम्ही लाल घ्या. आत्तींचं कुठपर्यंत आणि तुमचं कुठनं, हे बघणाऱ्याला लांबनं कळलं पाहिजे. जाऊबाईंना हे सांगून बघा.

मूळचा_कागलचा

मी सध्या अमेरिकेत, जॉर्जियातल्या अथेन्सला असतो. याच भागात १८३७ साली हॅरिएट पॉवर्स यांचा जन्म झाला, गुलामीतच. त्यांच्या दोन गोधड्या आज शिल्लक आहेत. बायबलमधल्या गोष्टींची वॉशिंग्टनला स्मिथसोनियनमध्ये आहे, दुसरी बोस्टनच्या संग्रहालयात. पहिली त्यांनी १८८६ मध्ये इथल्या कापसाच्या जत्रेत मांडली. जेनी स्मिथ नावाच्या चित्रकलेच्या शिक्षिकेला ती हवी होती, पण पॉवर्स विकायला तयार नव्हत्या. काही वर्षांनी घरची ओढाताण झाली तेव्हा दहा डॉलर मागितले, पाचात द्यावी लागली. दिल्यावरही त्या अधूनमधून ती बघायला जायच्या.

स्मिथबाईंनी एक मोठं काम केलं. देताना पॉवर्स यांनी प्रत्येक चौकटीत काय आहे ते सांगितलं आणि बाईंनी ते लिहून घेतलं. बोस्टनच्या गोधडीतली एक चौकट तर १८३३ सालच्या नोव्हेंबरातल्या उल्कावर्षावाची आहे. त्या रात्री आकाशातून तारे गळताना बघून जगबुडी आली म्हणून माणसं घाबरली होती. पॉवर्स तेव्हा जन्मल्याही नव्हत्या. थोरल्यांच्या तोंडून ऐकलेली रात्र त्यांनी साठेक वर्षांनी कापडात शिवली, आणि सांगणं नोंदलं गेलं म्हणूनच आज आपल्याला ती ओळखू येते. माझ्या आजीनं शिवलेल्या वाकळा कागलच्या घरात होत्या. कुठलं लुगडं कुणाचं, कुठल्या लग्नातलं, हे कुणीच विचारलं नाही, आणि आता विचारायला आजी नाही. याची मला फार हळहळ वाटते.

म्हणून माझं सांगणं एवढंच. पुरी कराच, पण त्याआधी जाऊबाईंना शेजारी बसवून एकेक तुकडा कुणाचा ते लिहून काढा. त्या थोरल्या आहेत, त्यांना तुमच्यापेक्षा जास्त माहीत असणार. आणि मागच्या बाजूला आत्तींचं नाव, तुमचं नाव आणि साल दोऱ्यानं काढा. कागद हरवतो.

यल्लापूरची_शिक्षिका

मी उत्तर कन्नडात शिकवते, माहेर कोल्हापूर. आमच्याकडे हळियाळ, यल्लापूर, मुंडगोडच्या रानातल्या गावांत सिद्दी लोक राहतात. तेही आफ्रिकेतून आणलेल्यांचेच वंशज, बरेचसे पोर्तुगीजांच्या काळात गोव्यात गुलाम म्हणून आलेल्यांचे. त्यांच्या बायका कवंदी शिवतात. कडेपासून सुरुवात करून फिरत फिरत मध्ये येतात, आणि वरचे तुकडे आधी जोडून घेत नाहीत. टाके घालता घालता एकेक तुकडा बसवत जातात. चारी कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाची फुलं लावतात, ती नसली तर कवंदी उघडी वाटते म्हणतात. माझ्या वर्गातल्या पोरींना ही फुलं न शिकवता येतात.

जीज बेंड आणि कवंदीचे फोटो शेजारी ठेवले तर भडक रंगांच्या पट्ट्या बघून दोन्ही एकाच मुळातून आल्या असं म्हणावंसं वाटतं. मी तसं म्हणणार नाही. जीज बेंडच्या बायका आपल्या आया-आज्यांकडून शिकल्या, आपल्या वाकळेची रीत इथली, आणि सिद्दी बायकांनी स्वतःची घडवली. प्रत्येकीचं श्रेय तिलाच जावं.

अजून एक. गुलाम लोक पळून जाताना गोधड्यांच्या नक्षीतून वाटेच्या खुणा ठेवायचे, ही गोष्ट १९९९ नंतर फार पसरली. लेक ते ऐकून येईल. इतिहासाच्या अभ्यासकांना त्याचा भक्कम पुरावा मिळालेला नाही. खरं घडलेलं सांगा की तिला. १९६२ मध्ये जीज बेंडचे काळे लोक मतदार म्हणून नाव नोंदवायला नदीपलीकडं कॅम्डेनला जायला लागले, तर गोऱ्यांनी फेरीबोटच बंद केली. ती परत सुरू व्हायला २००६ उजाडलं. दरम्यान १९६६ मध्ये त्या भागातल्या बायकांनी फ्रीडम क्विल्टिंग बी नावाची सहकारी संस्था काढली आणि गोधड्या विकून हातात स्वतःचा पैसा आणला. २००२ मध्ये ह्यूस्टनच्या संग्रहालयात त्या भिंतीवर लागल्या, २००६ मध्ये टपाल तिकिटांवर आल्या. गोधड्या तर त्या आधीपासून शिवतच होत्या.

शिवाजीपेठेची_सून

सगळ्यांचे मनापासून आभार. दोऱ्याचा रंग बदलायची गोष्ट जाऊबाईंना लगेच पटली. म्हणाल्या, असं असेल तर त्यांचा हात झाकला जात नाही, मग मीही चार ओळी घालते. काल दोघी वही घेऊन बसलो. जांभळं लुगडं आत्तींच्या धाकट्या बहिणीनं बारशाला दिलेलं निघालं. ती मावशी तर मी पाहिलेलीसुद्धा नाही! हिरव्याचा पत्ता अजून लागत नाही, पाचगावच्या नणंदेला विचारणार आहोत.

लेक दिवाळीला येईल तेव्हा तिच्यासाठी मधली थोडी जागा सोडून ठेवते. मिसूरीबाईंच्या लेकीसारखी तीही हाताला लागेल.

गडहिंग्लजच्या ताई, दोरा एकपदरी घेऊ का दोनपदरी? कापड फार विरलंय. आणि खाकी जाड आहे, तिथं दाभण वापरू का?

गडहिंग्लजची_दाभणवाली

लुगड्यावर एकपदरीच घ्या, मेण चोळून. दोनपदरी ओढलात तर विरलेलं कापड कापतं. खाकीवर दोनपदरी चालेल, पण दाभण नको, भोक मोठं पडतं. साधी लांब सुई घ्या आणि बोटात अंगुस्तान घाला. खिशाच्या जागेवरनं टाका नेऊ नका, कडेनं वळवा. आणि लेकीसाठी जागा सोडाल ती टाचून सोडा, मोकळी नको.